जांभळी रेघ

हिंमतराव पोत्यावर उताणे झाले, गाडीच्या मागच्या बाजूनं पोटाखाली सरकले, बोटांनी चाचपत पहिला बोल्ट गाठला आणि त्याच्यावर हातोडी मारली. आवाज बद्द आला. टण्ण यायला पाहिजे होता. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा बद्द. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. एकूण एक बद्द. सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात ऊन आलं होतं, आत सत्यभामाबाई कशाला तरी फोडणी देत होत्या आणि तिचा ठसका थेट गाडीखाली येत होता, पण हिंमतरावांचा सगळा जीव कानात येऊन बसला होता. बत्तीस वर्षं या कानांनी लोखंड ऐकलं होतं. भगवानरावांच्या ट्रॅव्हल्सच्या गॅरेजात ते फोरमन होते, आणि रोज सकाळी गाड्या निघायच्या आधी हीच हातोडी घेऊन चाकांचा एकेक नट वाजवत जायचे. कसलेला नट टण्ण म्हणतो, ढिला बद्द म्हणतो. यात तिसरं काही नसतं. आता विसराळू माणूस एक बोल्ट विसरेल, फार तर दोन विसरेल. चारही विसरेल? चारही ढिले राहत नाहीत, ते ठेवले जातात. आणि हे बोल्ट परवाच नजीरनं बसवले होते.

गाडीच्या मागं ट्रॉली ओढायचा दांडा लावायचा, टो-बार म्हणतात तो, हे खूळच त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. संजीवनी, त्यांची एकुलती एक पोरगी, चष्म्याचे नंबर काढते. मलकापुरात तिचं बरं चाललेलं दुकान आहे. पण तिच्या मनानं घेतलं की खेड्यातली म्हातारी माणसं दुकानापर्यंत येत नाहीत, तर दुकानानंच त्यांच्याकडं जावं. तपासायची खुर्ची, अक्षरांची पाटी, भिंगांची पेटी, फ्रेमांची खोकी, सगळं तिनं एका दोनचाकी ट्रॉलीत बसवून घेतलं होतं. ती ट्रॉली आपल्या विजेवरच्या गाडीमागं जोडायची आणि गावोगाव न्यायची. आणि गाडी कशी, तर खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा! हिंमतरावांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरातलं लोहचुंबक काढून लावून पाहिलं होतं. चिकटलं नाही, खाली पडलं. ज्याला लोहचुंबक धरत नाही त्याच्यावर चार क्विंटलांची ट्रॉली लटकवायची म्हणजे काय म्हणावं! उद्या सकाळी पहिलीच खेप बुलढाण्याची होती. मोताळ्यापर्यंत रस्ता सपाट आहे, पुढं राजूरचा घाट. चढाला ट्रॉलीचा सगळा भार मागं ओढतो, आणि तो पेलायचा या चार बोल्टांनी. गाडीत त्यांची पोरगी बसलेली असणार. हिंमतरावांना भीती वाटली, आणि त्या भीतीच्या पाठोपाठ रागही आला. राग आला तसं त्यांना जरा बरं वाटलं.

नजीरकडं जायचं ठरलं तेव्हा त्यांना नाव ठाऊक नव्हतं. संजीवनीनं चार ठिकाणी विचारलं होतं. सगळे म्हणाले, आमी लोखंडवाले, ॲल्युमिनियमले हात नाही लावत, मोताळा रोडवर एक चाचा हायेत, नागपुरात ट्रकांच्या बॉड्या बांधायचे, त्याहीच्याकडं जा. टिनाच्या शेडसमोर गाडी थांबली आणि आतून हात पुसत जो माणूस बाहेर आला त्याला पाहून हिंमतराव सीटवरच बसून राहिले. दाढी पांढरी झाली होती, पण चालणं तेच, डावा खांदा जरा खाली टाकून. नजीरनं काचेतून वाकून पाहिलं, क्षणभर पाहतच राहिला, मग कपाळाला हात लावला. "साहेब! तुमी? उतरा ना साहेब, या, या." बावीस वर्षांनी भेटणारा माणूस असा बोलतो का? एवढा गोड? हिंमतरावांनी तिथल्या तिथं संजीवनीला सांगायला पाहिजे होतं की गाडी वळव. पण मग ती विचारणार, काऊन? आणि काऊनचं उत्तर त्यांनी आजवर घरात कोणालाही दिलेलं नव्हतं.

घरात ठाऊक होतं ते एवढंच: बावीस वर्षांपूर्वी जानेवारीत भगवानरावांची गाडी राजूरचा घाट उतरत असताना मागचं चाक निखळलं. कडूबा ड्रायव्हरनं कसबानं गाडी डोंगराच्या अंगावर घातली म्हणून आतली माणसं खरचटण्यावर निभावली, पण कडूबाचा पाय गुडघ्याखाली गेला. पुढचं घरात ठाऊक नव्हतं. भगवानरावांनी हिंमतरावांना आणि नजीरला केबिनमध्ये बोलावलं. त्या काळी सकाळची पद्धत अशी होती की फोरमन पुढं हातोडी वाजवत जाणार आणि नजीर मागून चाकाचा पाना घेऊन; फोरमननं म्हणायचं, सात नंबर, मागचं डावं, दोन नट, की नजीरनं बसून ते कसायचे. हिंमतराव केबिनमध्ये म्हणाले, "नट ढिला वाजला होता. मी याले कसाले सांगतलं होतं." भगवानरावांनी नजीरकडं पाहिलं. नजीर हिंमतरावांकडं पाहत राहिला, मग खाली पाहिलं. एक शब्द बोलला नाही. संध्याकाळच्या आत त्याला कामावरून काढलं. भगवानराव जाऊनही आता आठ वर्षं झाली. पण नजीर बोलला का नाही, हे हिंमतरावांना कधीच कळलं नव्हतं. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर हिशेब तिथंच मिटला असता. मुकाट्यानं जाणारा माणूस काहीतरी बरोबर घेऊन जातो असं त्यांना वाटायचं. इतकी वर्षं ते त्याची वाट पाहत होते म्हणा ना.

आणि परवा त्याच माणसाच्या शेडमध्ये स्टुलावर बसून त्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला. नजीर बोलत होता, काम करता करता, तोंड गाडीखाली. "साहेब, हे धातू लई नाजूक. आतून पोकळ पेटी हाय. बोल्ट नुसता कसला तं पेटी दबून जाते. म्हणून आत बुशी टाकतो, नळीचा तुकडा, म्हणजे बोल्टाचा जोर बुशीवर येते, पेटीवर नाही. अन् लोखंडाचा दांडा हिले थेट टेकवायचा नाही. पाणी लागलं का दोघाईचं जमत नाही, ॲल्युमिनियम सडते. म्हणून मधात नायलॉन." सगळं बरोबर बोलत होता. बरोबर बोलणाऱ्याचाच संशय येतो. आणि ऐन बुशी टाकायच्या वेळी म्हणाला, साहेब, भोकं पाडाले घेतो, बुरादा उडन, तुमी जरा बाहेर बसा. का? डोळ्यांत बुरादा जाईल म्हणून, की डोळ्यांनी दिसेल म्हणून? हिंमतराव बाहेर जाऊन बसले. ट्रक जात होते, कापसाच्या गाठी भरलेले. परत आत आले तेव्हा दांडा बसलेला होता, आणि टेबलावर बुशीचे दोन तुकडे पडलेले होते. दोन! चार लागतात, त्यातल्या दोन टेबलावर. विचारलं तर म्हणाला, "त्या मापाच्या, साहेब, कापून पाह्यल्या." असं म्हणून त्यानं लांब दांड्याचा एक पाना घेतला, तो कट् वाजला की थांबायचं, पानाच सांगतो बस म्हणून. चार वेळा कट् वाजलं. पान्याचं ऐकायचं म्हणे! माणसाच्या मनगटाला काही किंमत नाही.

मग नजीरनं जे केलं ते पाहून हिंमतराव चक्रावलेच. खिशातून नखांना लावायच्या रंगाची शिशी काढली, वांग्याच्या रंगाची, जांभळी, आणि बारीक कुंच्यानं प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एकेक रेघ ओढली. "हे काय बायकी नखरे?" हिंमतरावांच्या तोंडून गेलं. नजीर हसला. "नातीची हाय, फलकची. रोज चिडते माझ्यावर. साहेब, बोल्ट केसभर फिरला तं लकीर तुटते. म्हणजे समजाचं. शंभर किलोमीटर चालवून आणा, मी पाहून देतो." आणि शिशीचं झाकण लावता लावता, मान वर करून, हिंमतरावांच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, "भरोसा नाही ना राह्यला, साहेब." बस, तेवढंच. कोणावर भरोसा नाही, हे म्हणाला नाही. संजीवनी बाजूलाच फोनवर बोलत होती, तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार. पण हिंमतरावांना ते वाक्य लागायचं तिथं बरोबर लागलं. आला, म्हटलं, मुद्द्यावर आला. जाताना नजीर तीनदा म्हणाला, फिकर नका करू. एकदा म्हणणारा खरा असेल. तीनदा कोण म्हणतं?

म्हणून आज संजीवनी ट्रॉलीचं सामान आणायला पायी दुकानात गेली तशी त्यांनी हातोडी काढली होती. आणि चारही बद्द. झालं ना मनासारखं? आता त्यांना शंका उरली नाही. त्यांनी पेटीतून पाना काढला, पान्याच्या दांडीवर दोन फुटी पाइप चढवला, आणि पहिल्या बोल्टाला जोर दिला. फिरला! म्हणजे ढिलाच होता. जांभळी रेघ तुटून अर्धी इकडं अर्धी तिकडं झाली. वाजवलं, तर पुन्हा बद्द. आणखी जोर दिला. त्यांचं वय सदुसष्ट, पण फोरमनचं मनगट होतं ते; कानशिलं तापली, मातीचे कण डोळ्यांत पडले. दुसरा कसला, चौथा कसला, वाजवून पाहिलं, बद्द ते बद्दच. एवढं कसूनही टण्ण येत नाही म्हणजे आत बुशीच नाहीत, पेटी दबते आहे, हे उघड होतं. चोर कुठला. तिसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरून, पाय चाकाला टेकवून ओढलं. बोल्ट थोडा फिरला, करकरला, आणि मग एकदम मऊ झाला. पाइप आपला सहज यायला लागला, हलणारा दात जिभेनं लोटावा तसा. हिंमतरावांनी हात काढून घेतला. हा मऊपणा त्यांना ठाऊक होता. बोल्ट पकड सोडतो तेव्हा हाताला असंच लागतं. ते तसेच पडून राहिले. वर गाडीचं काळं पोट, नाकाशी वाळलेल्या चिखलाचा वास. आपण काय केलं हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, पण कळलेलं सगळंच माणूस कबूल करतो असं नाही. नायलॉन मधात आहे, ॲल्युमिनियम आहे, इथं टण्ण येणार कुठून, हा विचार मनात डोकावला आणि त्यांनी त्याला हाकलून दिलं. नजीरनं बुशीच टाकल्या नाहीत, म्हणून झालं हे, असं ते स्वतःशी म्हणाले. दोनदा म्हणाले.

"काय करून राह्यले हो तिथी?" सत्यभामाबाईंनी दारातून विचारलं. "कवाची हातोडी वाजून राह्यली. पोरीनं एवढं पाहून-सवरून काम करून आणलं, अन् तुमचं आपलं चाललंच."

"काही नाही. पाहून राह्यलो."

"पाहा, पाहा. माणसाले पाहाची सवय लागली का सुटत नाही. माह्या भाजीत बी मीठ हाय का नाही ते वाजवून पाहा एकदा." त्या हसत आत गेल्या.

खरं काय ते सांगायला तोंड होतं, वेळही होती. संजीवनी आली की म्हणायचं, बाई, माझ्या हातून असं झालं, पुन्हा नजीरकडं चल. पण मग ती म्हणणार, तुम्ही हात कायले लावला? आणि नजीर म्हणणार, साहेब, तुमी? आणि पाहील. तसं पाहील, केबिनमध्ये पाहिलं होतं तसं. ते पुन्हा सोसायचं नव्हतं. मग काय केलं या गृहस्थानं? सदरा बदलला, आणि भर दुपारी बाजारात कटलरीच्या दुकानात जाऊन जांभळं नेलपॉलिश मागितलं! दुकानदारीणबाईनं तीन शिश्या पुढं ठेवल्या. हिंमतरावांनी चष्मा कपाळावर सारून एकेक उजेडात धरून पाहिली. "नातीसाठी का?" बाईनं विचारलं. "हाव," ते म्हणाले. त्यांना नात नव्हती. घरी येऊन, पुन्हा पोत्यावर पडून, त्यांनी थिनरच्या बोळ्यानं जुन्या रेघा खरडून काढल्या आणि चार नव्या ओढल्या. हात जराही कापला नाही. सरळ, बारीक, अगदी नजीरच्या रेघांसारख्या. शिशी सदऱ्याच्या खिशात लपवली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, असंच त्यांनी पूर्वी एकदा केलं होतं, तेव्हा हातात कुंचा नव्हता, पेन होतं.

ती जानेवारीची सकाळ होती. गारठा असा की श्वासाची वाफ दिसत होती. वॉचमननं टायराचे तुकडे टाकून शेकोटी केली होती, आणि तेरा गाड्या वाजवून झाल्यावर हिंमतराव तिच्याजवळ जरा टेकले. नजीर अजून मागच्या गाड्यांचे नट कसत होता. पाठ शेकली, बरं वाटलं. दोनच गाड्या उरल्या होत्या. काय होणार आहे, कालच तर पाहिल्यात. त्यांनी तिथंच मांडीवर रजिस्टर घेतलं आणि पंधराही गाड्यांसमोर टिक करून टाकली. एवढंच. दारू नव्हती, भांडण नव्हतं, कोणाचा जीव घ्यायचा विचार नव्हता. थंडी होती. चाक निखळलं ते पंधराव्या गाडीचं. आणि केबिनमध्ये भगवानरावांनी विचारलं तेव्हा, मी वाजवलंच नाही, हे वाक्य ओठांशी येता येता दुसरंच वाक्य बाहेर पडलं. त्यांनी नजीरला काही सांगितलंच नव्हतं. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि नजीरला. म्हणूनच नजीर त्या दिवशी तसा पाहत राहिला, असं हिंमतरावांनी बावीस वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं, आणि म्हणूनच आता तो एवढा गोड बोलतो, असं त्यांना वाटत होतं.

सकाळी सातला संजीवनी ट्रॉली जोडून तयार होती. "मी बी येतो," हिंमतराव म्हणाले. तिला नवल वाटलं, पण आनंदही झाला. "चला की. बुलढाण्यात तुमचेच डोळे पयले तपासते." विजेची गाडी, तिला आवाज म्हणून नाही. मागचं सगळं ऐकू येत होतं: साखळीचा खुळखुळाट, खड्ड्यात ट्रॉलीचा धक्का, आणि त्या धक्क्यानंतर कुठंतरी एक बारीकसा करकर. की नव्हताच तो? नजीरची शेड उजव्या हाताला मागं गेली. बंद होती अजून. कुठं असेल हा इतक्या सकाळी? मोताळ्यात स्टँडसमोर त्यांनी मान फिरवायची नाही असं ठरवलं होतं, तरी फिरलीच. कडूबा त्याच्या पानटपरीत बसला होता, लाकडी पाय बाजूला भिंतीला उभा करून ठेवलेला, पानाला चुना लावत. त्यानं गाडीकडं पाहिलंही नाही. संजीवनी काहीतरी सांगत होती, कोणा आजीला वीस वर्षांनी सुईत दोरा ओवता आला ते. हिंमतराव हाव हाव म्हणत होते. पोरीचा हात स्टिअरिंगवर होता, नखं कापलेली, बोटाला शाई. लहानपणी याच हातानं त्यांचं बोट धरून ती गॅरेजात यायची आणि नजीर तिला जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या खेळायला द्यायचा. तिला आठवत नव्हतं. राजूर गेलं. समोर घाटाचं पहिलं वळण दिसायला लागलं, आणि चढाची सुरुवात होताच मागून एक धक्का आला.

"थांबव. संजू, गाडी थांबव!"

तिनं घाबरून गाडी कडेला घेतली. "काय झालं? छातीत दुखून राह्यलं का?"

"मले आवाज आला. त्या नजीरले फोन लाव. म्हणाव, येऊन पाय तुझं काम. त्यानं काय केलं ते त्याले पाहू दे."

आता बोला! इथंही त्यांनी मोजूनमापून वाक्य टाकलं होतं. नजीर येईल, एक बोल्ट ढिला सापडेल, नवा टाकेल, पोरगी सुखरूप जाईल, आणि दोष जिथं असायला पाहिजे तिथं राहील. कोणाचं काही बिघडणार नाही. ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पाऊण तासात नजीर मोटरसायकलवर आला, मागं हत्यारांची पेटी बांधलेली. काही न विचारता गोणपाट टाकून गाडीखाली गेला. "लकीर तं साबूत हाय," खालून आवाज आला. मग पान्याची कट् ऐकू आली. एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही. पाना फिरत होता, फिरतच होता, कट् येत नव्हती. नजीर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढऱ्या दाढीत राखेसारखा झाला होता. तो हिंमतरावांकडं आला नाही, संजीवनीसमोर जाऊन उभा राहिला.

"बेटा, गलती माझी हाय. तीन नंबरचा बोल्ट धरून नाही राह्यला. म्याच कसला नसन. लकीर मारली, अन् कसला नसन."

"पण नजीरचाचा, तुम्ही तर माझ्यासमोर..."

"नाही बेटा. मले सवय हाय तशी." त्यानं हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "बावीस साल झाले, साहेबांनी मले एका गाडीचा नट कसाले सांगतलं होतं अन् मी विसरलो. कितीक डोकं खाजवलं, मले याद नाही आलं कवा सांगतलं ते. सकाळच्या टायमाले पंधरा गाड्या, हे कस, ते कस. पण साहेब कायले खोटं बोलतीन? सांगतलंच असन. मीच विसरलो असन. माझ्यामुळे कडूबाचा पाय गेला. तवापासून मले माझ्या हाताचा भरोसा नाही राह्यला. दाराची कडी लावली तरी दोनदा उठून पाहतो. म्हणून तं ही लकीर मारतो." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आता लकीर मारून बी विसराले लागलो. तं हे काम सोडाच लागन."

हिंमतराव दगडावरून उठले. हा माणूस त्यांच्यावर डूख धरून नव्हता. याला काही ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या सुडाची वाट पाहिली तो बावीस वर्षं उठून दाराची कडी पाहत होता. घाटातून एक ट्रक हॉर्न देत उतरला, त्याची धूळ तिघांच्या अंगावर आली. धूळ बसेपर्यंत गप्प राहिलं असतं तर अजूनही चाललं असतं.

"नजीर, बोल्ट म्या कसला," ते म्हणाले. "काल. पाइप लावून. चारही. मले आवाज बद्द आला, वाटलं तू ढिले ठेवले. तिसरा ताणला गेला. लकीर बी म्याच मारली, नवी शिशी आणून."

"बाबा!" संजीवनी म्हणाली.

नजीर त्यांच्याकडं पाहत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला, आणि तो हसला, अगदी मोकळं, सगळे दात दाखवून. "तुमी कसला? पाइप लावून? अहो साहेब, नायलॉनवर टण्ण कुठून येईन! म्हणजे... म्हणजे म्या बरोबर कसला होता?" त्यानं आपले दोन्ही हात वर करून पाहिले. "बेटा, ऐकलं का? माझा हात बरोबर होता!"

त्याचं ते हसणं हिंमतरावांना सोसवलं नाही. शिव्या सोसवल्या असत्या.

"तवा बी बरोबर होता," ते म्हणाले.

"काय म्हणलं, साहेब?"

"त्या दिवशी म्या तुले काहीच सांगतलं नव्हतं. तू काहीच विसरला नाही. म्या नट वाजवलेच नव्हते. थंडी होती, शेकोटीपाशी बसलो होतो."

नजीरचे हात हवेतच राहिले, मग खाली आले. तो काही बोलला नाही. केबिनमध्ये बोलला नव्हता तसाच. पुन्हा गोणपाटावर पडला आणि गाडीखाली गेला. एकेक करून चारही बोल्ट काढले, पेटीतून नवे घेतले, चिरलेला नायलॉन बदलला. तिसरा बोल्ट त्यानं बाहेर दगडावर ठेवला. त्याची मान मधोमध बारीक झाली होती. हिंमतरावांनी वाकून पाहिलं. मोकळ्या भोकातून आत बुशी दिसत होती, नीट कापलेली, चकाकणारी. संजीवनी घाटाकडं तोंड करून उभी होती आणि वळत नव्हती. पान्याची कट् चार वेळा वाजली, चार नंबरापर्यंत, मधे न थांबता.

नजीर बाहेर आला. सवयीनं त्याचा हात खिशात गेला, जांभळी शिशी निघाली, झाकण फिरवलं, कुंचा अर्धा वर आला. तो तसाच थांबला. मग कुंचा आत ठेवून त्यानं झाकण घट्ट लावलं.

"चाचा, घाट चढू?" संजीवनीनं विचारलं. वडिलांना नाही, त्याला.

"चढ बेटा, बेफिकीर." मग तो हिंमतरावांपाशी आला, त्यांचा हात धरून उलटा केला आणि तळव्यावर शिशी ठेवली.

"ही तुमी ठेवा," तो म्हणाला. साहेब म्हणाला नाही. "मले नाही लागत आता."

मोटरसायकल मोताळ्याच्या अंगाला निघून गेली. हिंमतरावांनी शिशी खिशात टाकली, तर ती आतल्या दुसऱ्या शिशीवर आपटली आणि टण्ण वाजली.